जेनकिन्स दुसऱ्या युजर अकाउंटवर हलवायचंय? सुरुवातीपासून शेवटपर्यंत असं करा

जेनकिन्स म्हणजे कोड आपोआप बिल्ड, टेस्ट आणि डिप्लॉय करणारा सर्व्हर. त्याचा युजर, म्हणजे तो ज्या अकाउंटखाली चालतो ते, बदलणं म्हणजे बघायला गेलं तर एका फाइलमधली एक ओळ बदलणं. तरी हे काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी बरेच जॉब लाल (म्हणजे फेल झालेले) दिसतात, कारण सर्व्हर ज्या अकाउंटखाली चालतो त्या अकाउंटच्या नावावर हळूहळू बरंच काय काय साठत गेलेलं असतं. एसएसएच की, गिटची सेटिंग, मेव्हनची पासवर्ड असलेली फाइल, डॉकर ग्रुपची मेंबरशिप, सुडोची (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची) परवानगी, कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलेला क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कमांड). यातलं काहीही जेनकिन्सच्या स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून इथे ती एक ओळ पटकन उरकलीये आणि जुन्या अकाउंटकडे काय काय आहे ते शोधून नव्याकडे कसं न्यायचं, यावर जास्त वेळ दिलाय.

उदाहरण म्हणून लिनक्सवर पॅकेजने इन्स्टॉल केलेलं आणि सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालणारं जेनकिन्स घेतलंय. जुनं अकाउंट "जेनकिन्स", नवीन "बिल्डबॉट". कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करायच्या.

आधी हे ठरवा की खरंच हलवायचंय का

युजर बदलायची कारणं साधारण ठरलेली असतात. कुणीतरी ट्रायल म्हणून रूटखाली (लिनक्सच्या सर्वाधिकारी अकाउंटखाली) वॉर फाइल (जेनकिन्सचा मूळ प्रोग्राम) चालवली आणि तीच पुढे प्रॉडक्शन झाली, हे सगळ्यात धोक्याचं, कारण मग ज्याला जॉब एडिट करता येतो त्याला अख्खं मशीन मिळतं. दुसरं म्हणजे सर्व्हर एखाद्या डेव्हलपरच्या स्वतःच्या अकाउंटवर चालतोय, तो माणूस टीम सोडून गेला की अकाउंट बंद होतं आणि बिल्डही बंद. तिसरं, कंपनीचा नियम की सगळ्या सर्व्हिस सेंट्रल डिरेक्टरीतल्या सर्व्हिस अकाउंटवरच चालल्या पाहिजेत. या तिन्ही वेळा हलवणं बरोबरच आहे.

पण नुसतं नाव आवडत नाही म्हणून बदलायचं असेल आणि अकाउंट त्याच मशीनवरचं लोकल असेल, तर एवढा खटाटोप करू नका. सर्व्हिस बंद करून "युजरमॉड -एल बिल्डबॉट जेनकिन्स" आणि ग्रुपसाठी "ग्रुपमॉड -एन बिल्डबॉट जेनकिन्स" चालवा, युआयडी (युजरचा आकडा) तोच राहतो त्यामुळे एकाही फाइलची मालकी बदलावी लागत नाही. जुन्या युजरची एखादी प्रोसेस चालू असेल तर ही कमांड नकार देते, तेव्हा आधी सगळं थांबवा. सर्व्हिस फाइलमधलं नाव आणि सुडोअर्समधलं (सुडोच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमधलं) नाव मात्र हाताने बदलावंच लागतं.

आणखी एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगेन. युजर बदलणं, होम डिरेक्टरी हलवणं, जावा अपग्रेड करणं आणि प्लगइन अपडेट करणं ही चार वेगळी कामं आहेत, एकाच रात्री एकत्र करू नका, कारण काही फुटलं तर नक्की कशामुळे फुटलं हे कळायला मार्गच उरत नाही. जेनकिन्सचा डेटा /व्हार/लिब/जेनकिन्समध्ये असेल तर तो तिथेच राहू द्या, फक्त मालक बदला. डेटा /रूट/.जेनकिन्समध्ये किंवा कुणाच्या पर्सनल होममध्ये असेल तर मात्र हलवावाच लागतो, कारण नव्या युजरला त्या फोल्डरच्या आत शिरताच येत नाही. तेव्हा आधी जुन्याच युजरखाली नवीन जागेवरून चालवून बघा, बिल्ड नीट होऊ द्या, आणि मग युजरला हात लावा.

जुन्या अकाउंटकडे काय काय आहे त्याची यादी

हे काम सर्व्हर चालू असतानाच करायचं. घाई करू नका, खरा वेळ इथेच द्यायचाय.

सगळ्यात आधी चालू प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट उतरवून घ्या. जेनकिन्सच्या जावा प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढा आणि /प्रॉक/पीआयडी/एन्व्हिरॉन ही फाइल सुडोने वाचा, त्यात व्हॅल्यूजच्या मध्ये नल कॅरेक्टर असतं म्हणून "टीआर" कमांडने त्याच्या जागी नवीन ओळ टाका म्हणजे वाचता येईल. पाथ, जावा_होम, प्रॉक्सीच्या सेटिंग, लोकेल, सगळं तिथे आहे तसं मिळतं. हे एवढं महत्त्वाचं का, तर ज्याने टर्मिनलवरून जेनकिन्स सुरू केलं होतं त्याच्या .बॅशआरसीमधलं सगळं त्या प्रोसेसला आपोआप मिळालेलं असतं, आणि सिस्टमडीची सर्व्हिस .बॅशआरसी किंवा .प्रोफाइल अजिबात वाचत नाही. नव्या अकाउंटवर "एनपीएम: कमांड नॉट फाउंड" आलं की बहुतेक वेळा कारण हेच निघतं. या उतरवलेल्या फाइलमध्ये टोकन वगैरेही असू शकतात, तेव्हा काम झालं की ती डिलीट करा.

मग जुन्या युजरच्या होममधल्या लपलेल्या फाइल बघा, "एलएस -एलए" ने दिसतात. .एसएसएचमधल्या की, कॉन्फिग आणि नोन_होस्ट्स, .गिटकॉन्फिग, .एम२मधली सेटिंग्ज.एक्सएमएल, .ग्रेडलमधली ग्रेडल.प्रॉपर्टीज, .एनपीएमआरसी, .डॉकरमधली कॉन्फिग.जेसन, क्लाउडच्या कमांडलाइन टूलची क्रेडेन्शियल. नव्या युजरचं होम वेगळं असणार असेल तर यातली हरेक फाइल तिकडे न्यावी लागेल. .एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये की फाइलचा पूर्ण पाथ लिहिलेला असेल तर तोही बदलायचा, ही गोष्ट अगदी हमखास राहून जाते.

"आयडी जेनकिन्स" ने ग्रुप बघा. "क्रॉनटॅब -यू जेनकिन्स -एल" ने क्रॉन बघा. /ईटीसी/सुडोअर्स आणि सुडोअर्स.डी फोल्डरमध्ये ग्रेप करून जुन्या नावाच्या ओळी काढा. ज्या मशीनवर डिप्लॉय होतं तिथल्या ऑथराइज्ड_कीजमध्ये सहसा कीच बघितली जाते, नाव नाही, त्यामुळे की तीच राहिली तर तिथे काही करावं लागत नाही. पण फाइल शेअर किंवा डेटाबेस जर ऑपरेटिंग सिस्टमच्या युजरवरून ओळख ठरवत असेल, पोस्टग्रेसचं पीअर ऑथेंटिकेशन हे त्याचं नेहमीचं उदाहरण, तर तिथे नवीन नाव घालावंच लागेल.

शेवटी अख्ख्या डिस्कवर जुन्या युजरच्या फाइल शोधा: "सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -युजर जेनकिन्स". एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाइलसिस्टमवर थांबतो, तेव्हा वेगळ्या माउंट केलेल्या डिस्कसाठी ही कमांड वेगळी चालवा. जेनकिन्सच्या फोल्डरबाहेर जे सापडेल ते लिहून ठेवा, आर्टिफॅक्ट टाकायची जागा, वेबसर्व्हरचं फोल्डर, लॉग, असं बरंच निघतं.

नवीन अकाउंट

लोकल अकाउंट असेल तर "सुडो युजरअॅड --सिस्टम --युजर-ग्रुप --होम-डिर /व्हार/लिब/जेनकिन्स --शेल /बिन/बॅश बिल्डबॉट". होम मुद्दाम तेच जुनं ठेवलंय. त्याने .एसएसएचपासून .एम२पर्यंतच्या फाइल जागेवरच राहतात, मालकी बदलली की काम झालं. इथे एक बारकावा आहे, एसएसएच प्रोग्राम आपलं होम पासवर्ड डेटाबेसमधून घेतो, एन्व्हायर्नमेंटमधला "होम" बघत नाही, आणि गिट मात्र "होम" बघतं. दोन्ही वेगवेगळीकडे गेले तर गिटला सेटिंग मिळतात पण एसएसएचला की मिळत नाही आणि माणूस चक्रावून जातो. म्हणून अकाउंटचं खरं होमच बरोबर लावा, व्हेरिएबलने जुगाड करू नका.

ग्रुप देताना "युजरमॉड -ए -जी डॉकर बिल्डबॉट", यात जी कॅपिटल आहे आणि "ए" विसरलात तर आधीचे सगळे जादा ग्रुप निघून जातात. डॉकर ग्रुप देणं म्हणजे जवळपास रूट देण्यासारखंच आहे हे लक्षात असू द्या. रूटपासून सुटका म्हणून हे सगळं करत असाल तर तो ग्रुप खरंच लागतो का, की डॉकरचे बिल्ड वेगळ्या एजंटवर (बिल्ड चालवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर) नेता येतील, याचा आत्ताच विचार करा. सुडोच्या ओळी "व्हिसुडो" नेच लिहा, आणि जुन्या यादीतली प्रत्येक ओळ डोळे झाकून कॉपी करू नका, निम्म्यांची आता गरजही नसते.

थांबवणं आणि बॅकअप

मॅनेज जेनकिन्समधून "प्रिपेअर फॉर शटडाउन" करा म्हणजे नवीन बिल्ड सुरू होत नाहीत, चालू असलेले संपू द्या, मग "सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप जेनकिन्स". त्यानंतर "पीग्रेप -ए -यू जेनकिन्स" चालवून काही उरलंय का बघा. ग्रेडल या बिल्ड टूलचा डीमन (मागे चालत राहणारी प्रोसेस) काम नसताना डिफॉल्टने ३ तास जिवंत राहतो, आणि तो मागे राहिला तर मालकी बदलून झाल्यावरसुद्धा जुन्या नावाने फाइल तयार करू शकतो. काही उरलं असेल तर थांबवा.

बॅकअप टारने घ्या, परमिशन आणि एसीएल (जादा परमिशनची यादी) सकट. वर्कस्पेस (बिल्ड जिथे चालतो ते फोल्डर) वगळलं तरी चालतं, सीक्रेट्स फोल्डर मात्र अजिबात वगळू नका. क्रेडेन्शियल्स.एक्सएमएलमधले पासवर्ड ज्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट केलेले असतात, त्या मास्टर.की आणि हडसन.युटिल.सीक्रेट या फाइल त्याच फोल्डरमध्ये असतात. त्या हरवल्या तर क्रेडेन्शियलची फाइल हातात असूनही एकही पासवर्ड उलगडत नाही, सगळे नव्याने भरावे लागतात. आणि अर्थातच हा बॅकअप ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे पासवर्ड मिळतील, म्हणून तो कुठे ठेवताय ते बघा.

मालकी बदलणं

जुनी वर्कस्पेस आत्ताच उडवून टाका, पुढच्या बिल्डला परत तयार होतात, आणि लाखो बारीकसारीक फाइलवर कमांड चालवायचा वेळ वाचतो. मग:

सुडो सीएचओन -आर --फ्रॉम=जेनकिन्स बिल्डबॉट:बिल्डबॉट /व्हार/लिब/जेनकिन्स

आर कॅपिटल. "फ्रॉम" मुळे फक्त जुन्या युजरच्याच फाइल बदलतात, कुणी मुद्दाम रूटच्या ठेवल्या असतील तर त्या तशाच राहतात. हीच कमांड /व्हार/कॅश/जेनकिन्सवरही चालवा. तिथे वॉर फाइल उलगडून ठेवलेली असते, आणि ती नव्या युजरला लिहिता आली नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये /व्हार/लॉग/जेनकिन्सही असेल, तेही करा.

ही कमांड सिमलिंकच्या (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या लिंकच्या) पलीकडे जात नाही. डिस्क भरली म्हणून कुणी जॉब्स फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेऊन इथे लिंक ठेवली असेल तर लिंकची मालकी बदलते, आतला डेटा जुन्याच नावावर राहतो. "फाइंड /व्हार/लिब/जेनकिन्स -टाइप एल" ने लिंका शोधा आणि त्या जिथे जातात तिथे वेगळी कमांड चालवा. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या डिस्कवर) डेटा असेल तर बहुतेक वेळा रूट स्क्वॉश चालू असतं, क्लायंट मशीनवरच्या रूटला मालकी बदलताच येत नाही, ते काम स्टोरेजच्या बाजूने करून घ्यावं लागतं. आणि एनएफएसचे नेहमीचे माउंट नाव नाही तर युआयडीचा आकडा बघतात, तेव्हा सगळ्या मशीनवर नव्या युजरचा आकडा एकच हवा.

झाल्यावर तपासा: "सुडो फाइंड /व्हार/लिब/जेनकिन्स ! -युजर बिल्डबॉट". जे दिसेल ते एकेक बघून ठरवा. डॉकर कंटेनरने रूट म्हणून लिहिलेल्या फाइल इथे हमखास सापडतात. .एसएसएच फोल्डर ७००, प्रायव्हेट की ६००, सीक्रेट्स ७०० आहे ना हेही बघून घ्या.

आता ती एक ओळ

"सुडो सिस्टमसीटीएल एडिट जेनकिन्स" चालवा. एडिटर उघडेल, त्यात सर्व्हिस सेक्शनचं हेडिंग चौकोनी कंसात लिहून खाली दोन ओळी:

युजर=बिल्डबॉट
ग्रुप=बिल्डबॉट

सेव्ह केलं की /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/जेनकिन्स.सर्व्हिस.डी फोल्डरमध्ये ओव्हरराइड.कॉन्फ तयार होते. पॅकेजसोबत आलेली मूळ सर्व्हिस फाइल थेट एडिट करू नका, पुढच्या अपग्रेडला ती पुसली जाते. उतरवून घेतलेल्या एन्व्हायर्नमेंटमधलं पाथ किंवा प्रॉक्सी लागत असेल तर तेही इथेच "एन्व्हायर्नमेंट=" ओळीने द्या. ओपन फाइलची मर्यादा लिमिट्स.कॉन्फमध्ये जुन्या युजरच्या नावाने वाढवलेली असेल तर सिस्टमडीच्या सर्व्हिसला ती लागू होत नाही, इथे "लिमिटनोफाइल=" लिहावं लागतं. ८०च्या पोर्टवर थेट ऐकायचं असेल तर १०२४ खालचं पोर्ट साध्या युजरला मिळत नाही, त्यासाठी "अॅम्बियंटकेपॅबिलिटीज=" ओळीत कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस द्या किंवा पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (रिक्वेस्ट घेऊन आत जेनकिन्सकडे पाठवणारा वेबसर्व्हर) लावा. मला प्रॉक्सीचा मार्ग बरा वाटतो, सर्टिफिकेटचं कामही तिथेच होऊन जातं.

इंटरनेटवरच्या बऱ्याच जुन्या लेखांत /ईटीसी/डिफॉल्ट/जेनकिन्स किंवा /ईटीसी/सिसकॉन्फिग/जेनकिन्समध्ये जेनकिन्स_युजर बदला असं लिहिलेलं सापडेल. २०२२ मध्ये, एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) २.३३२.१ पासून, लिनक्स पॅकेज पूर्णपणे सिस्टमडीवर आली, त्यामुळे त्यानंतरच्या व्हर्जनवर तिथे नाव बदलून सर्व्हिसचा युजर बदलत नाही.

सुरू करायच्या आधी "सिस्टमसीटीएल शो जेनकिन्स -पी युजर -पी ग्रुप -पी एन्व्हायर्नमेंट" ने सिस्टमडीला खरंच काय कळलंय ते बघा. मग स्टार्ट करा आणि दुसऱ्या विंडोत "जर्नलसीटीएल -यू जेनकिन्स -एफ" उघडं ठेवा.

सुरू झालंच नाही तर

स्टेटसमध्ये दिसणारा आकडा बरंच सांगतो. २१७ म्हणजे त्या नावाचा युजर सापडला नाही, स्पेलिंग बघा, किंवा सेंट्रल डिरेक्टरीचं अकाउंट असेल तर बूटच्या वेळी नेटवर्क यायच्या आधीच सर्व्हिस सुरू होतेय का ते बघा. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत शिरता आलं नाही, तेव्हा वरच्या प्रत्येक फोल्डरला नव्या युजरसाठी एक्झिक्युट परमिशन आहे का तपासा, "नेमआय -एल" आणि पुढे पाथ दिला की अख्खी साखळी एकदम दिसते. २०३ म्हणजे प्रोग्रामच चालवता आला नाही. एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा थर) चालू असेल आणि डेटा नव्या जागी नेला असेल तर परमिशन सगळ्या बरोबर दिसूनही नकार मिळू शकतो, तिथे लेबल नीट करावी लागतात.

इथे वैतागून "जरा रूटने चालवून बघू" असं मात्र करू नका. एकदा जरी रूटखाली सुरू झालं तरी आत रूटच्या मालकीच्या फाइल तयार होतात आणि मालकी तपासायचं काम परत पहिल्यापासून.

आणि सुरू होऊन ब्राउझरमध्ये एकदम "अनलॉक जेनकिन्स" चं कोरं पान आलं, तर घाबरू नका आणि ते पान भरूही नका. डेटा कुठेही गेलेला नाही, सर्व्हर फक्त चुकीच्या होमकडे बघतोय. थांबवा, जेनकिन्स_होम नीट लावा, परत सुरू करा.

चालू झालं, आता खरी तपासणी

मॅनेज जेनकिन्समध्ये सिस्टम इन्फर्मेशनचं पान उघडा, तिथे युजर.नेम आणि युजर.होम दिसतं. मग शेड्यूलवरचे जॉब सुरू व्हायच्या आत एक छोटा टेस्ट जॉब बनवा, ज्यात "आयडी", होमची व्हॅल्यू, "यूमास्क", "यूलिमिट -एन", एक गिट क्लोन, एक डॉकर कमांड आणि डिप्लॉयच्या मशीनला एक एसएसएच कनेक्शन एवढंच असेल. हा जॉब कंट्रोलरवर (जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरवर) चालायला हवा, नाहीतर एजंटवरचा युजर बघून समाधान होईल आणि कंट्रोलर तसाच राहील.

पहिल्या दिवशी दोन एरर जास्त करून दिसतात. एक, "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड". एसएसएच बिल्ड एजंट्सचं प्लगइन आणि गिटचं प्लगइन, दोन्हीकडे नोन होस्ट्स फाइल वापरायचा पर्याय असतो आणि कंट्रोलरवर ती फाइल त्याच्या युजरच्या होममधून वाचली जाते, म्हणून होम बदललं की सगळे ओळखीचे सर्व्हर एकदम अनोळखी होतात. जुनी नोन_होस्ट्स फाइल कॉपी करा. व्हेरिफिकेशन बंद करण्याचा पर्याय समोरच दिसत असतो, तो निवडू नका, कारण मग मधे कुणी खोटा सर्व्हर उभा केला तरी कळणार नाही.

दुसरी एरर गिटची, "डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप इन रिपॉझिटरी". २०२२ मध्ये गिट २.३५.२ पासून रिपॉझिटरीचं फोल्डर दुसऱ्याच युजरच्या मालकीचं असेल तर गिट काम करायला नकार देतं. मेसेजमध्येच सेफ.डिरेक्टरीची कमांड सुचवलेली असते आणि लोक ती स्टार देऊन सगळ्या फोल्डरना लावून मोकळे होतात. इथे तो उपाय नाही. ही एरर सांगतेय की मालकी बदलायची एक जागा राहिली. ते फोल्डर शोधा, मालकी बदला, एरर आपोआप जाते.

बिल्ड सगळे हिरवे झाले तरी रात्रीचे आणि आठवड्यातून एकदा चालणारे जॉब हाताने एकेकदा चालवून घ्या. आणि जेनकिन्सच्या पुढच्या पॅकेज अपग्रेडनंतर मालकी परत एकदा तपासा, कारण पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट स्वतःच्या डिफॉल्ट युजरला फोल्डर देऊ शकते.

परत फिरावं लागलं तर सर्व्हिस थांबवा, ओव्हरराइडमधल्या त्या दोन ओळी काढा, "डीमन-रीलोड" करा आणि सीएचओनची कमांड नावं उलटी करून चालवा. "सिस्टमसीटीएल रिव्हर्ट" सोपं वाटतं, पण ते आधीपासूनचे बाकीचे ओव्हरराइडही उडवतं.

विंडोज आणि डॉकर

विंडोजवर सर्व्हिसेसच्या विंडोत जेनकिन्सच्या लॉग ऑन टॅबवर अकाउंट बदलायचं, त्या अकाउंटला "लॉग ऑन अॅज अ सर्व्हिस" हा हक्क द्यायचा आणि डेटाच्या फोल्डरवर परमिशन द्यायची. त्याआधी जेनकिन्स.एक्सएमएल उघडून जेनकिन्स_होम बघा. तिथे लोकलअॅपडेटा व्हेरिएबल असेल तर अकाउंट बदलताच ते नव्या युजरच्या प्रोफाइलकडे वळतं आणि तेच कोरं अनलॉकचं पान समोर येतं, म्हणून पूर्ण पाथ लिहून टाका. तुमच्या लॉगिनला दिसणारे मॅप केलेले ड्राइव्ह सर्व्हिसला दिसत नाहीत, जॉबमध्ये नेटवर्क पाथ पूर्ण लिहा.

डॉकरच्या ऑफिशियल इमेजमध्ये जेनकिन्स युजरचा युआयडी १००० असतो. जुन्या सर्व्हरचा डेटा तिथे माउंट करायचा असेल तर होस्टवर त्या फोल्डरची मालकी नावाने नाही, १००० या आकड्याने द्या.

जुन्या अकाउंटचं काय

लगेच डिलीट करू नका. "युजरमॉड -एल" कॅपिटल एल देऊन फक्त पासवर्ड लॉक होतो, की असेल तर एसएसएचने आत येता येतं, म्हणून अकाउंट एक्स्पायर करा: "सुडो युजरमॉड --एक्स्पायरडेट १ जेनकिन्स". क्रॉन काढून टाका, सुडोअर्समधल्या ओळी काढा, सगळ्या ग्रुपमधून बाहेर काढा. अकाउंट कुणा माणसाचं पर्सनल असेल तर अर्थात फक्त जेनकिन्ससाठी दिलेल्या परवानग्या काढायच्या. मग सगळ्या डिस्कवर जुन्या युजरच्या फाइल परत शोधा. एकही फाइल उरली असताना अकाउंट उडवलं तर ती फाइल नुसत्या युआयडीच्या आकड्यावर लटकत राहते, आणि पुढे तोच आकडा एखाद्या नवीन युजरला मिळाला की ती फाइल त्याच्या मालकीची होते. यादी पूर्ण रिकामी आली की मगच "युजरडेल" चालवा, आणि होम दोघांचं एकच ठेवलं असेल तर होम डिलीट करणारा "-आर" हा पर्याय त्याला देऊ नका.